वाचक विचारतात : शेजारचं घर पाडलं जातंय

शेजारच्या घरावर पहिला घण पडला की आजूबाजूचे सगळे खिडकीत येतात, आणि थोड्याच दिवसांत आमच्याकडे पत्रं येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रांमध्ये काळजी बहुतेक आवाजाची आणि धुळीची आहे. उत्तरं लिहिताना आम्ही मात्र पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीपाशी येऊन थांबलो : घराचा कुठला भाग कोणाच्या जोरावर उभा आहे? हे ओळखता आलं की काम नीट चाललंय की नाही ते खिडकीतूनही कळतं.

प्रश्न : शेजारचं दुमजली घर पाडायला घेऊन आठ दिवस झाले. चार माणसं रोज येतात, दारं काढतात, वायरी ओढतात, निघून जातात. घर जसंच्या तसं उभं! काम रेंगाळतंय का?

उत्तर : उलट, नीट चाललंय. पहिल्याच दिवशी भिंत पडताना दिसली असती तर काळजी करायला हवी होती.

सगळ्यात आधी वीज, गॅस, पाणी आणि सांडपाणी तोडतात. आतलं मुख्य बटण बंद करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे. मीटरच्याही अलीकडे, रस्त्याकडून येणारी केबलच सोडवावी लागते. गॅसची नळी हद्दीबाहेर बंद करून टोपण लावतात. सांडपाण्याच्या नळीचं तोंड विटा-सिमेंटने बुजवतात, नाहीतर राडारोडा आत जातो आणि महिन्याभराने तुंबतं ते तुमचं गटार. पाण्याची एक जोडणी मात्र धूळ बसवायला मुद्दाम ठेवलेली असते, त्यामुळे नळ चालू दिसला म्हणून गैरसमज नको.

त्यानंतर घर आतून मोकळं करतात : काचा, झडपा, चौकटी, फरशा, नळ, खोटं छत, वायरी. काचा आधी काढायच्या, कारण नंतर त्याच राडारोड्यात मिसळून तळव्यात घुसतात. लाकूड, प्लास्टिक आणि जिप्सम (खोट्या छताच्या पांढऱ्या पाट्यांतलं) वेगळं झालं तरच उरलेलं वीट-काँक्रीट भरावाला वापरता येतं. जिप्समचे तुकडे भरावात राहिले तर ओलीबरोबर त्यातले सल्फेट नव्या काँक्रीटला खातात. म्हणजे हे आठ दिवस दिखाऊ नसले तरी फुकटही गेलेले नाहीत.

प्रश्न : पोकलेन आणून एका बाजूने ढकललं तर दोन तासांत घर आडवं होईल. वरून एकेक वीट काढत बसण्यात काय अर्थ?

उत्तर : चारही बाजूंना मोकळं मैदान असेल तर ढकलता येतंही. वस्तीत मात्र घर बांधलं त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने उतरवायचं असतं. आधी कौलं किंवा पत्रे, मग रिपा, वासे, आढं, मग वरच्या मजल्याच्या भिंती, मग त्याखालची जमीन, म्हणजे त्या मजल्याच्या तुळया किंवा स्लॅब, आणि असंच खाली.

कारण भिंत एकटी उभी नसते. तिला वरून छप्पर दाबून धरतं, मधे मजल्याच्या तुळया किंवा स्लॅब दोन्ही बाजूंनी धरतात, आणि आडव्या भिंती कोपऱ्यांत आवळून ठेवतात. मजला काढला की तीच २३ सेंटिमीटरची भिंत दुप्पट उंचीची आणि निराधार होते. उभं वजन ती सहज पेलते. आडवा धक्का, मग तो वाऱ्याचा का असेना, पेलत नाही. म्हणून ज्या मजल्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांना धरणारी जमीन आधी काढायची नाही. संध्याकाळी काम थांबताना एकही उंच भिंत सुटी ठेवायची नाही. ठेवावीच लागली तर टेकू लावून. खिडकीतून बघणाऱ्याने रोज एवढं जरी पाहिलं तरी पुष्कळ.

दुसरी चूक फार सर्रास होते आणि बाहेरून दिसतही नाही. वरच्या भिंती पाडून त्याचा ढीग त्याच मजल्यावर साचू देतात. हिशेब करा. राहत्या घराची जमीन साधारण दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून आखलेली असते. विटांचा सुटा राडारोडा घनमीटरला १३०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे जमिनीवर १५ सेंटिमीटरचा थर साचला की तिची मर्यादा संपली. घोट्याच्या जरा वर! जुन्या लाकडी तुळयांची टोकं भिंतीत कुजलेली असतील तर तेवढंही नको. जमीन कोसळली की ढिगासकट खालच्या मजल्यावर येते आणि तोही बसतो. म्हणून मजल्याला भोक पाडून किंवा बाहेरून बंद घसरगुंडी लावून राडारोडा त्याच दिवशी खाली सोडतात. भोक पाडताना तुळया कापत नाहीत, दोन तुळयांमधली जागा वापरतात.

आणखी दोन जागी अनुभवी मुकादमही फसतात. एक, छज्जा. खिडकीवरचा छज्जा बाहेर लोंबतो, पण त्याची मुळं आत लिंटलमध्ये, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईत असतात आणि त्या लिंटलवरच्या भिंतीचं वजन त्याला दाबून ठेवतं. वरून भिंत उतरवत आलात की ते वजन जातं आणि छज्जा लिंटलसकट बाहेर उलटतो. तेव्हा छज्जा आधी खालून टेकू लावून तोडायचा, वरची भिंत नंतर. बाल्कनीचंही तसंच. तिच्या गजांचा ताण वरच्या अंगाला असतो आणि ते गज आतल्या स्लॅबमध्ये पसरलेले असतात. आतला स्लॅब आधी कापला तर बाल्कनी सरळ खाली. ती बाहेरच्या कडेकडून आत तोडत यायचं, आणि तोडणाऱ्याने तिच्यावर उभं राहायचं नाही.

दोन, कमानींचं छत. लोखंडी गर्डरांच्या मधे विटांच्या छोट्या कमानी भरलेलं जुनं छत असेल तर प्रत्येक कमान शेजारचीला ढकलत असते. मधली एक काढली की दोन्हीकडच्या कमानींना टेकायला काही उरत नाही आणि एकामागून एक बसत जातात. अशा छतात आधी सगळ्या कमानींखाली टेकू देतात, गर्डर एकमेकांना बांधून घेतात, मगच हात लावतात.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा नातू तासन् तास गॅलरीतून बघत असतो. त्याला किती लांब उभं करावं?

उत्तर : व्यवहारातला साधा नियम असा : पडणाऱ्या भागाच्या उंचीच्या दीडपट अंतराच्या आत कोणी नको. भिंत ९ मीटर उंच असेल तर साडेतेरा मीटर. भिंत तिच्या उंचीएवढी लांब पडते. वरचं अर्धपट अंतर उडणाऱ्या आणि घरंगळणाऱ्या तुकड्यांसाठी. दोर लावून ओढत असतील तर आणखी मागे सरा. तुटलेला तारदोर चाबकासारखा फिरतो आणि तो कुठे जाईल ते सांगता येत नाही.

तुमची गॅलरी त्या अंतराच्या आत असेल, आणि लागून असलेल्या घरांत ती असतेच, तर ब्रेकर (काँक्रीट ठोकून फोडणारं मशीन) चालू असताना बंद काचेमागून बघू द्या. काचेला चिकटपट्टीच्या फुल्या मारण्यापेक्षा जाड पडदा अर्धा ओढलेला बरा. आवाजाचंही ध्यानात ठेवा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठी सर्वसाधारण मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात. तुम्हाला शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर मुलाच्या कानांवर आवाज अडवणारे इअरमफ हवेत, कापसाचे बोळे नव्हेत.

सगळ्यात धोक्याची वेळ कामाची नसतेच. जेवणाची सुट्टी, संध्याकाळ, सुट्टीचा दिवस : मशीन गप्प, कुंपण अर्धवट उघडं, आणि मुलं आत. काम चालू असताना निदान कोणीतरी ओरडणारं असतं.

प्रश्न : ब्रेकर सुरू झाला की आमच्या कपाटातली भांडी वाजतात, पाण्यावर तरंग उठतात. आता घराला तडे जाणार का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. माणसाचं शरीर कंपनाच्या बाबतीत घरापेक्षा कितीतरी हळवं आहे. राहत्या घरात ०.३ मिलिमीटर प्रतिसेकंद वेगाचं कंपन जाणवू लागतं आणि १ मिलिमीटरला तक्रारी सुरू होतात. जर्मनीचं डीआयएन ४१५० हे मानक मात्र साध्या राहत्या घराच्या पायाशी, सगळ्यात वाईट म्हणजे मंद कंपनांसाठीसुद्धा ५ मिलिमीटर प्रतिसेकंदापर्यंत नुकसान अपेक्षित नाही असं धरतं. जपायच्या जुन्या नाजूक वास्तूंसाठी ३. म्हणजे भांडी वाजणं आणि भिंत तडकणं यांत बरंच अंतर आहे. अर्थात हे आकडे धडधाकट घराचे. आधीच पाया खचत असलेल्या घराला ते लागू करू नका.

खरा हादरा बहुतेक वेळा ब्रेकरचा नसतोच. वरून सोडलेल्या मोठ्या तुकड्याचा असतो. दोन घनफूट काँक्रीटचा गोळा म्हणजे सुमारे १४० किलो. तो ६ मीटरवरून जमिनीवर पडला की बशीसुद्धा उडते. तेव्हा मुकादमाकडे मागायच्या गोष्टी अशा : तुकडे लहान करा, पडायच्या जागी राडारोड्याची किंवा मातीची गादी राहू द्या, जमीन खरडून स्वच्छ करू नका, तुमच्या बाजूचं काँक्रीट ब्रेकरऐवजी जबड्याच्या कटरने चावा. जबडा दाबून चुरतो, ठोकत नाही, त्यामुळे हादरा फार कमी. आणि शेजारच्या अंगणाची किंवा गाडीतळाची फरसबंदी तुमच्या घराला सलग चिकटलेली असेल, तर तोडायच्या आधी हद्दीवर कटरने आरपार चीर मारायला लावा. सलग काँक्रीटमधून कंपन सरळ तुमच्या भिंतीत येतं. चिरेला अर्धा दिवस लागतो. ती न मारता केलेल्या कामाचे वाद वर्षभर चालतात.

प्रश्न : आमच्या भिंतीला तडा दिसतोय. ठेकेदार म्हणतो जुनाच आहे, आम्ही म्हणतो नवा. कोण खरं ते कसं ठरवायचं?

उत्तर : पाडकामाच्या आधीचे फोटो असतील तर दोन मिनिटांत, नसतील तर कष्टाने. ज्यांच्याकडे काम अजून सुरू व्हायचं आहे त्यांनी आजच फोटो काढावेत. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती आणि छत, बाहेरच्या बाजू, कुंपण, गच्चीचा कठडा, फरशी. जिथे आधीच भेग आहे तिथे शेजारी पट्टी धरून जवळून एक फोटो आणि जागा कळावी म्हणून लांबून एक. न उघडणारी दारंसुद्धा नोंदवा. यादीच्या दोन प्रती करून दोघांच्या सह्या घ्या. चांगला ठेकेदार हे स्वतःहून करतो, कारण यात तोही वाचतो.

फोटो नसतील तर तडा नीट बघा. जुन्या भेगेच्या कडा बोथट असतात, आत काजळी, जाळी, कधी रंगाचा थर उतरलेला दिसतो. नव्या भेगेच्या कडा धारदार आणि आतला गिलावा फिकट, ताजा. रंग भेगेवरून सलग गेलेला असून आता तोच फाटला असेल, तर भेग जुनी पण हालचाल नवी. दोघंही थोडे थोडे खरे, असं होतं ते इथेच.

आता ती वाढतेय का? लोक काचेची पट्टी चिकटवतात. ती दोन्ही टोकांना इपॉक्सीने, मधे मोकळी, आणि गिलाव्यावर नव्हे तर तो खरवडून विटेवर बसवली तरच उपयोगाची. शिवाय काच फुटली एवढंच सांगते. किती आणि कुठल्या दिशेने ते सांगत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका तर वाळतानाच आपोआप तडकतो आणि उगाच भांडण लावतो. त्यापेक्षा तीन स्क्रू बसवा : एका बाजूला दोन, पलीकडे एक, एकमेकांपासून साधारण १० सेंटिमीटरवर, त्रिकोणात. डिजिटल व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या साधनाने) तिन्ही अंतरं मोजून तारखेसकट लिहा. भेग रुंदावतेय की तिच्या दोन बाजू वर-खाली सरकताहेत, दोन्ही कळतं. रोज एकाच वेळी मोजा, शक्यतो सकाळी. दुपारच्या उन्हात भिंत फुगते आणि भेग स्वतःच बारीक होते. ०.१ मिलिमीटरचा फरक धरू नका, तो हाताचा असतो. सलग एकाच दिशेने जाणारा फरक धरा.

रुंदीचा अंदाज असा. ०.१ मिलिमीटरपर्यंत केसासारखी भेग, दुर्लक्ष चालेल. १ पर्यंत अगदी किरकोळ, रंगकामात झाकली जाते. ५ पर्यंत किरकोळ. भरून घ्यावी, दारं थोडी अडकू शकतात. ५ ते २५ असेल तर विटा उसवून पुन्हा बांधावं लागतं आणि इंजिनिअर हवाच. २५ च्या पुढे गेली तर भिंत आधार द्यायच्या लायकीची आहे का हाच प्रश्न. आकार मात्र रुंदीइतकाच बोलका असतो. विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी भेग पाया खचल्याची खूण. स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यातली आडवी भेग बहुधा उन्हाची असते; ती ठेकेदाराच्या माथी मारू नका.

प्रश्न : धूळ! काही उपाय?

उत्तर : पाणी. पण कुठे आणि कसं, यात सगळं आहे. ढिगावर सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतून उपयोग नाही. जिथे जबडा किंवा ब्रेकर लागतो त्याच जागी, लागत असतानाच, बारीक फवारा हवा. धुरळा उडून गेल्यावर पाणी मारणं म्हणजे वरातीमागून घोडं. जाड धार मारली तर चिखल होतो, वाळतो, आणि गाड्यांच्या चाकांखाली पुन्हा धूळ बनून उडतो.

काँक्रीट, वाळू आणि विटा यांच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. जी दिसते ती नाकात अडकते. फुप्फुसात खोल जाते ती काही मायक्रॉनची, न दिसणारी. त्यामुळे फडकं बांधून फक्त समाधान मिळतं. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५ मास्क घाला. दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. घरात झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. पाण्याच्या टाकीचं झाकण आणि हवेची नळी कापडाने बांधा. खिडकीचा एसी बाहेरची हवा घेत असेल तर ती झडप बंद करा. जुन्या घराच्या दारा-खिडक्यांवर रंगाचे जाड थर असतील तर त्यांत शिसं असू शकतं. अशी पोपडे निघालेली लाकडं तुमच्या कुंपणाशी रचू देऊ नका, रांगणारी मुलं असतील तर मुळीच नाही.

प्रश्न : त्यांच्या मागच्या पडवीवर करड्या रंगाचे नागमोडी सिमेंटचे पत्रे आहेत. घणाने फोडताहेत. चालेल का?

उत्तर : नाही. जुने असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असण्याची दाट शक्यता आहे. अशा पत्र्यांत साधारण दहा-पंधरा टक्के ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा अखंड असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये बंद असतात. फोडला, घासला, कापला की मोकळे. काम थांबवायला सांगा. पत्रे ओले करून, हुकाचे बोल्ट सोडवून किंवा कापून, अख्खे उतरवायचे, फेकायचे नाहीत. जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून वेगळे ठेवायचे. तुकडे हाताने, ओल्या अवस्थेत वेचायचे. हे पत्रे राडारोड्यात गेले तर अख्खा ढीग बिघडला. पत्र्यावर चढू तर कोणीच नये. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने न सांगता तुटतो.

प्रश्न : आमची आणि त्यांची एक भिंत सामाईक आहे. ते गेल्यावर आमच्या घराचं काय?

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो काम अर्ध्यावर आल्यावर विचारला गेला आहे.

सामाईक भिंतीपासून निदान एक मीटरचा पट्टा पूर्णपणे हाताने उतरवायचा. मशीनचा दात तिथपर्यंत येता कामा नये. त्यांच्या तुळयांची टोकं त्या भिंतीत रुतलेली असतात. तुळई ओढून काढली तर ती पहारीसारखी भिंत उचकटते. म्हणून भिंतीपाशी आधी करवतीने कापायची आणि आतलं टोक नंतर अलगद काढायचं. त्यांच्या आडव्या भिंती या भिंतीत विटांनी गुंतलेल्या असतील तर सांध्यावर कटरने उभी चीर मारूनच त्या सोडवायच्या. स्लॅब सलग असेल तर तोही हिऱ्याच्या पात्याने कापायचा. गज वाकवत, हिसकत तोडले की झटका तुमच्या छतात येतो.

मग उरते ती एक विचित्र भिंत. काल घराच्या आत होती, आज बाहेर आली. तिला दोन गोष्टी हव्यात.

पहिला, आधार. पलीकडच्या मजल्यांचा रेटा गेला. तिरपे टेकू जमिनीशी ६० ते ७५ अंशांत, तीन ते साडेचार मीटरच्या अंतराने, वरचं टोक तुमच्या मजल्याच्या पातळीला. दोन मजल्यांच्या मधेच टेकू लावला तर तोच भिंत आत ढकलतो. खाली जाड फळीचा पाट, आणि पाचर हलक्या हाताने बसवायची. घण मारून आवळलेला टेकू आधार देत नाही, भिंत उचलतो. दोन्ही बाजूंना इमारती असतील आणि मधलं अंतर नऊ-दहा मीटरच्या आत असेल, तर जमीन मोकळी ठेवून वरच्यावर आडवे टेकूही देता येतात. गाडीला वाट हवी म्हणून एक टेकू ‘दोन दिवसांसाठी’ काढायचा आग्रह होईल. नाही म्हणा.

दुसरा, पावसापासून आडोसा. ही भिंत बाहेरची म्हणून बांधलेली नसते. गिलावा नसतो, सांधे अर्धवट भरलेले, तुळयांची भोकं उघडी. आधी भोकं विटा-मसाल्याने घट्ट भरायची, नुसती गिलाव्याने झाकायची नाहीत. मग सांधे खरवडून, धुऊन, दोन थरांत मिळून २० मिलिमीटरचा गिलावा. भिंत चुन्यातली असेल तर निव्वळ सिमेंटचा कडक गिलावा टाळा. तो ओल आत कोंडतो आणि वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटतो. चुना मिसळलेला घ्या. भिंतीच्या माथ्यावर पाणी बाहेर टाकणारा उतार आणि पन्हळीची कड. तोवर ताडपत्री लावली तर मधे पट्ट्या ठोकून हवेला वाट ठेवा. हे सगळं कोण करणार ते काम सुरू व्हायच्या आधी कागदावर असावं.

प्रश्न : त्या घरातलं लाकूड आणि विटा स्वस्तात मिळताहेत. घ्याव्यात का?

उत्तर : विटा कशात बांधल्या होत्या ते आधी बघा. चुन्यातल्या असतील तर घ्या. हातोडीच्या दोन टिचक्यांत मसाला सुटतो आणि वीट अख्खी राहते. सिमेंटमधली वीट मसाल्याआधी स्वतः फुटते. तिची मजुरी नव्या विटेपेक्षा जड जाईल. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत वाजल्या पाहिजेत. कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला : ३ किलोची वीट ३.६ किलोच्या वर गेली, म्हणजे पंचमांशाहून जास्त पाणी प्यायली, तर ती आतल्या आडोशाच्या भिंतीलाच ठीक. जोत्याजवळच्या लोणा लागलेल्या आणि धुराड्यातल्या काळ्या विटा नकोत. त्यातला क्षार आणि काजळी नव्या गिलाव्यातून पुन्हा बाहेर येते.

लाकडाची खरी परीक्षा टोकांशी. भिंतीत रुतलेला भाग टोच्याने टोचा. सहज आत गेला तर तेवढा कापून उरलेली लांबी मोजा आणि भाव तिचाच करा. भोकांतून ताजा पिठासारखा भुगा पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे, ते लाकूड घरात नेऊ नका. खिळे सगळे उपटून चुंबक फिरवा, नाहीतर करवतीचं पातं जाईल आणि गिरणीवाला पुन्हा दारात उभं करणार नाही. वाकलेले गज सरळ करून नव्या स्लॅबला वापरायचा मोह मात्र सोडा. त्यांची जागा भंगारात.

प्रश्न : राडारोड्याच्या किती गाड्या जातील?

उत्तर : १० बाय ८ मीटरचं दुमजली घर धरू. बाहेरच्या आणि आतल्या मिळून भिंतींची लांबी ५६ मीटर, दोन मजल्यांची उंची ६, जाडी २३ सेंटिमीटर. दारं-खिडक्या वजा करून सुमारे ६५ घनमीटर. १२ सेंटिमीटरचे दोन स्लॅब, १९ घनमीटर. एकूण ८४. फोडल्यावर आकारमान दीडपट होतं, म्हणजे १२६. दहा घनमीटरच्या गाडीच्या तेरा खेपा, पाया सोडून. वजन पावणेदोनशे टनांच्या घरात.

प्रश्न : पाडकाम सुरू झाल्यापासून आमच्याकडे उंदीर-घुशी येताहेत.

उत्तर : येणारच, त्यांचंही घर गेलं. आतलं सामान हलायच्या आधी तिथेच सापळे लावायला हवे होते. आता तुमच्याकडची वाट बंद करा. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्या उंदराला १२. फट नुसत्या सिमेंटने नव्हे, आत तारेची जाळी किंवा काथ्या कोंबून मग सिमेंटने भरा. काथ्या तारेचा, भांडी घासायचा. नारळाचा ते कुरतडतात.

प्रश्न : घर गेलं, जागा सपाट झाली. आता तरी निर्धास्त व्हावं ना?

उत्तर : अजून नाही. शेजारच्या घराला मोठं नुकसान होतं ते बऱ्याचदा यानंतर, नव्या पायाचा खड्डा खणताना.

आधी जमिनीत दडलेलं. जुनी विहीर, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी यांवर नुसता राडारोडा लोटून सपाट केलं तर गाडी त्यात जाते किंवा पावसात जमीन खचते. टँक उपसून, तळाला भोकं पाडून, मुरूम किंवा खडी-वाळू थराथराने दाबून भरतात. एकेक थर १५ ते २० सेंटिमीटरचा. त्यात माणूस उतरवायचा नाही. आतला वायू वासाने नेहमी कळतो असं नाही, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही.

मग खड्डा. तुमच्या पायाच्या तळाच्या बाहेरच्या कडेपासून ४५ अंशांत खाली जाणारी रेषा मनात आखा. खणकाम त्या रेषेच्या वर राहिलं तर साधारण ठीक. रेषेच्या खाली गेलं की तुमच्या पायाखालची माती बाजूला सरकू शकते. तुमचा पाया १.२ मीटर खोल असेल आणि ते ३ मीटर खणणार असतील, तर फरक १.८ मीटर. तेवढं आडवं अंतर हवं. तेवढं नसेल तर आधी कडेला खुंट रोवून भिंत उभी करावी लागते किंवा तुमचा पाया खालून खोल न्यावा लागतो. तो एका वेळी एक ते दीड मीटरच्या तुकड्यांत, आणि लागून नव्हे : पहिला, मग तिसरा, मग पाचवा, काँक्रीट पक्कं झाल्यावर मधले. सगळी कड एकदम उघडी केलेली दिसली तर त्याच क्षणी इंजिनिअरला बोलवा. खड्ड्यात पंप रात्रंदिवस चालत असेल तर पाण्याबरोबर बारीक माती येते का ते बघा : बाहेर पडणारं पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला तर ती माती कुठून तरी निघते आहे, कदाचित तुमच्या पायाखालून. भेगेवर बसवलेले ते तीन स्क्रू अजून काढू नका.